वाजलं तर माणसं बघ

“बाय, हा वाजला ना, तर मशीन उघडत बसू नको गो. माणसं बघ.”

सुंदरामावशीचं हे बोलणं मी हसण्यावारी नेलं होतं.

खाली लिहिलेलं सगळं आमच्या घरात, रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या मागच्या आळीत घडलंय. खरं माना, नाहीतर राहू दे. पण शेवटपर्यंत वाचा. माझं काम शेवटी आहे.

मी घरून टायपिंगची कामं करते. कॉम्प्युटर लग्नाआधीचा. एक फाइल उघडेपर्यंत माझ्या लेकीला, मैनाला, भरवून व्हायचं. नवा घेणं परवडत नव्हतं. म्हणून फाइली साठवायची एसएसडी तेवढी नवी घेतली आणि रॅम, ती मेमरीची पट्टी, जुनी. शेजारच्या सुंदरामावशीच्या बंद पडलेल्या मशीनमधली. मावशी एकटीच राहायची, मुलगा मुंबईला.

रॅम देतानाच तिने ते सांगितलं.

“आमच्या ह्यांची होडी परत आली नाय, त्या सांजेला असाच वाजत होता. मी बसले आपली धूळ पुसत.”

“मावशी, रॅम नीट बसली नाही की वाजतो तो. खाऱ्या हवेने पिना खराब होतात.”

“तू शिकलेली. मी आपलं सांगितलं.”

वीज गेली की रॅमला काहीच आठवत नाही. हे मी कॉलेजात शिकलेय.

कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावत होते. आईशी नुकतंच बोलणं झालं होतं. ती मंडणगडला एकटी असते. रोज दिवेलागणीला तिचा फोन येतो, एक दिवस चुकत नाही.

आणि मागून...

टूं... टूं... टूं...

लांब. थांबून थांबून. रॅम सापडत नसल्याची खूण.

पण स्क्रीन तर चालू होती! माझं टायपिंग समोर दिसत होतं. रॅम नसेल तर स्क्रीन लागतच नाही.

मी मशीन बंद करून उघडलं.

सर्वेश, माझा नवरा, हसायला लागला. “मावशीने काय सांगितलंन तुला?”

“गप बस. मैनाचं खोडरबर दे.”

पिना घासल्या. रॅम परत बसवली, मशीन चालू केलं.

टूं...

प्लग काढला. आतल्या छोट्या स्पीकरची वायर उपटली. आवाज बारीक झाला...

थांबला नाही.

“आतल्या बॅटरीवर वाजत असेल,” सर्वेश म्हणाला. “सकाळी नेऊ दुकानात.”

त्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि झोपलो.

सकाळीही वाजत होता. अगदी बारीक. दमल्यासारखा.

“आई, मांजरं आलीत,” मैना दारातून म्हणाली.

मावशीची मांजरं. मावशी रोज सांजेला हाका मारमारून त्यांना माशांची डोकी घालायची. आमच्या दारात ती कधीच यायची नाहीत.

काल हाका ऐकू आल्याच नव्हत्या.

“सर्वेश, मावशीकडे चल. आत्ता!”

दाराला आतून कडी होती. सर्वेशने खांद्याने धक्के दिले. कडी निखळली, आणि त्याच क्षणी मागे, आमच्या घरातला आवाज...

थांबला.

मावशी मोरीपाशी पडली होती. हात दाराकडे.

अंग अजून गरम होतं.

डॉक्टर म्हणाले, काल संध्याकाळीच पडल्या असणार. रात्रभर जीव होता.

रात्रभर.

सर्वेशने ती रॅम भाट्याच्या पुलावरून खाडीत टाकली. आम्ही दुसरी बसवली. नंतर कित्येक महिने काही नाही.

आज दिवेलागणीला कॉम्प्युटर बंद होता. प्लगसुद्धा काढलेला.

टूं... टूं...

या वेळी मी मशीनला हात लावला नाही. माणसं बघितली. मैना कडेवर. सर्वेश समोर. सासूबाईंना देवरूखला फोन केला, त्या बऱ्या आहेत.

मग आठवलं...

आज आईचा फोन आला नाही.

मी लावतेय. रिंग पूर्ण वाजून बंद होते. तिच्या शेजाऱ्यांचा लागतच नाही. सर्वेश बाइकवर निघालाय, पण वाट लांबची, घाटाची. नुसतं ‘आईकडे जाऊन या’ म्हटलं असतं, तर कोणी उठलं नसतं. म्हणून हे सगळं फोनवर लिहिलं.

मंडणगडचं कोणी वाचत असेल तर... बाजाराच्या वरच्या चढावर निळ्या दाराचं घर. दारात पांढरा चाफा. आईचं नाव गोदा.

हाक मारून परत फिरू नका. दार मोडा.

लवकर जा.

अजून वाजतंय...