मोकळी कड

फोटोच्या वर्गात मास्तरांनी दियेमला बजावलं होतं, "लांब कुठे जाऊ नकोस. घरचंच टिप. रेषांनी नजर आत ने आणि एक कड मोकळी सोड. डोळ्यालाही टेकायला जागा लागते."

म्हणून ती दुपारी कॅमेरा घेऊन ह्वे शहरातल्या आपल्याच गल्लीत उभी राहिली. दाराची चौकट झकास होती. फरशीच्या रेषा थेट उंबऱ्याला भिडत होत्या आणि उंबऱ्यावर आई नि धाकटी क्वेन कमळाच्या बिया सोलत बसल्या होत्या.

"ताई, तूही ये ना फोटोत!"

"गप गं!" आई खेकसली. "तिघांचा फोटो काढू नये. मधलं माणूस आधी जातं. मामाचं विसरलीस?"

"आई, त्याला बिचारा कॅमेरा काय करणार!" दियेम हसली. तिने क्वेनच्या बाजूची उजवी कड मोकळी सोडली आणि बटण दाबलं.

फोटोत ती कड मोकळी नव्हती. तिथे एक बाई बसली होती. केस ओले, मान क्वेनकडे वळलेली. समोर उंबऱ्यावर मात्र दोघीच होत्या. शेवाळाचा ओलसर वास येऊ लागला.

"आई... ही कोण?"

आईच्या हातातल्या बिया सांडल्या. "तीन झाले गं... आणि मध्ये माझी क्वेन..."

असल्या गोष्टींवर दियेमचा विश्वास नव्हता, पण बहिणीचा जीव पणाला लावून कोण शहाणपणा मिरवील? चौघं झाले की मधलं कुणी उरत नाही. तिने कॅमेरा समोरच्या कठड्यावर नीट सरळ ठेवला, आपोआप फोटो निघेल असा लावला आणि धावत जाऊन त्या रिकाम्या जागेच्या पलीकडे बसली. तिचा उजवा दंड गारठला.

फोटोत चौघी होत्या. तिचा जीव भांड्यात पडला.

"वाचले म्हणायचं!" क्वेन हसली.

आई हसली नाही. कॅमेरा जागचा हलला नव्हता, तरी फोटोत चौघी उजवीकडे दाटल्या होत्या. डावीकडे, आईच्या शेजारी, एका माणसापुरती जागा मोकळी होती आणि तिथे आतल्या खोलीतलं लाल प्लॅस्टिकचं स्टूल मांडलेलं होतं. पाचवं कुणी त्यावर बसलं, तर मधली पुन्हा क्वेनच.

"क्वेन, ऊठ... ऊठ आधी!" आई ओरडली.

तिघीही बाहेर होत्या. घरात कुणी नव्हतं. आतून स्टूल फरफटत आणल्याचा आवाज येत होता.