सुलुग्नानला जेवायला बोलावत नाहीत

शर्ट आणायचं काम माझ्याकडे होतं. आमच्याकडे सगळं घराणं जमतं तेव्हा प्रत्येक शाखेला वेगळा रंग देतात. त्या वर्षी आमच्या शाखेला नारिंगी आला होता. पाठीवर मोठ्या काळ्या अक्षरांत ज्याचं त्याचं नाव. बाकोलोद शहराच्या बाजारात छपाईवाल्याच्या दुकानात उभं राहून मी एकेक पाठ वाचून घेतली, कारण मागच्या खेपेला माझ्या नवऱ्याच्या, वेन्सेसलाओच्या नावातलं एक अक्षर गाळलं होतं आणि दोन दिवस त्याने सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. माझ्या शर्टावर ‘अदेल्फा’. आईच्या शर्टावर ‘सलुद’. घरी आल्यावर मी तो तिच्या अंगाला लावून पाहिला.

“नानाय, बघ, अगदी मापात आहे.”

आईने शर्टाकडे पाहिलंही नाही. “नाव कशाला घातलंस पाठीवर?” एवढंच म्हणाली.

ती तेव्हा बहात्तर वर्षांची होती. मी तीन वर्षांची असताना माझे वडील एका दुपारी होडी घेऊन गेले ते परतले नाहीत, आणि दहाव्या दिवशी मला कडेवर घेऊन आईने सुलुग्नान बेट सोडलं. त्यानंतर सेहेचाळीस वर्षं तिने तिकडे पाऊल ठेवलं नव्हतं. घरात वडिलांचा एक फोटोही नव्हता. त्यांचं नाव क्रिसांतो होतं, एवढंच मला माहीत. विचारलं तर ती म्हणायची, “गेलेल्या माणसाबद्दल काय विचारायचं?” आणि उठून भांडी घासायला घ्यायची.

त्या वर्षी घराणं सुलुग्नानलाच जमणार होतं, आणि या खेपेला तिला नाही म्हणता आलं नाही. वडिलांची धाकटी बहीण, तिया सिया, बेटावरच राहिलेली. तिची दृष्टी झपाट्याने जात होती. तिने फोनवर आईला सांगितलं, “मानांग, वहिनी, दिसतंय तोवर तुझं तोंड पाहू दे.” आई म्हणाली, “एक रात्र. जास्त नाही.”

मे महिना होता. हवेचा एक झोत नाही. आईसकट आम्ही सगळे नारिंगी शर्टांत सकाळी पोचलो तेव्हा किनाऱ्यावर सुकत घातलेल्या मासळीचा वास नाकात भरला आणि वेन्सीने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आल्या आल्या गाण्याचं यंत्र कुठे लावायचं ते शोधायला सुरुवात केली. घराघरांतून लोक बाहेर आले, मिठ्या मारल्या, माझे गाल ओढले. पण एक गोष्ट वेन्सीच्या लगेच लक्षात आली. आमच्या मुलखात जेवताना दारावरून कुत्रं गेलं तरी लोक म्हणतात, ‘या, जेवायला या!’ तो सवयीचाच शब्द आहे, खरंच कोणी येऊन बसावं असं काही नसतं. सुलुग्नानला तो शब्द कोणी उच्चारत नव्हतं. आम्ही अंगणात शिरलो तर एका बाईने मुकाट्याने केळीच्या पानावर भात आणि भाजलेला माकूळ वाढून हातात दिला. तोंडातून चकार शब्द नाही.

“नानाय,” वेन्सी हळूच म्हणाला, “तुमच्या बेटावरचे लोक फारच कंजूष दिसतात. शब्दसुद्धा खर्च करत नाहीत.”

“जेव गुपचूप,” आई म्हणाली.

दुपारचं मोठं जेवण तिया सियाच्या अंगणात होतं. बांबूचं लांबलचक मेज, त्यावर केळीची पानं अंथरलेली, मधोमध भाताचे ढीग, आंबट केलेली कच्ची मासळी आणि भाजलेलं अख्खं डुक्कर. मेज घराच्या मागच्या बाजूला, माडांखाली मांडलं होतं. वेन्सी कुरकुरला. समुद्र समोर असताना पाठीमागे काय बसायचं? त्याने आणि आमच्या शाखेच्या दोन पुतण्यांनी मेजाचं एक टोक उचलून वळवलं, ते थेट समुद्राकडे. तिया आत चुलीपाशी होती. तिला दिसलं नाही.

ओहोटी होती. अशी ओहोटी मी कधी पाहिली नाही. पाणी इतकं मागे गेलं होतं की क्षितिजापाशी नुसती एक चकाकणारी रेघ उरली होती. मधे सगळा चिखल, आणि त्यात उलांडीवर, बाजूच्या आधाराच्या दांड्यावर, कललेल्या होड्या, जणू दुपारची झोप काढताहेत. ऊन असं होतं की डोळे उघडे ठेववत नव्हते.

आवाज आधी मला आला असावा. खर्र... छप्. मग थोडं थांबून पुन्हा. खर्र... छप्. पत्र्याच्या डब्याने होडीतलं पाणी उपसल्याचा आवाज. मी बोट चाटत होते, ते तसंच राहिलं. सगळ्या होड्या कोरड्या ठणठणीत चिखलात पडलेल्या. मग पाणी कोण उपसतंय?

दूर, अगदी त्या रेघेपाशी, एक होडी होती. रंग उडालेली. तिच्यात एक माणूस वाकून डबा भरत होता, बाहेर ओतत होता. ओतलेलं पाणी उन्हात लखकन चमकायचं. एवढ्या लांबून तो आवाज ऐकू यायला नको होता. पण कानाशी यावा तसा येत होता.

मी मेजावर नजर फिरवली. बेटावरच्या माणसांनी खाणं थांबवलं होतं. सगळे आपापल्या पानात पाहत होते. कोणीही समुद्राकडे बघत नव्हतं.

वेन्सी उठला. तोंडाभोवती दोन्ही हात धरले, आणि मी काही म्हणायच्या आत आपल्या गाण्याच्या गळ्याने ओरडला, “ओ नोंग, ओ दादा! पुरे झालं काम! या, जेवायला या!”

आवाज थांबला.

तिया सिया दारात आली. हातातला डाव खाली पडला. “कोणी हाक मारली?”

“मी,” वेन्सी हसत म्हणाला. “बिचारा उन्हात मरतोय तिकडे.”

कोणी त्याला रागावलं नाही, तेच जास्त वाईट होतं. बेटावरची माणसं एकेक करून उठली, अर्धी पानं तशीच सोडून, मुलांचे हात धरून घरांत गेली. दारं लागली. शहरातून आलेल्यांना वाटलं, चला, वामकुक्षीची वेळ झाली. तेही सावल्या शोधत पांगले. वेन्सी यंत्राची वायर जोडायला पलीकडे गेला. मेजापाशी उरलो आम्ही तिघी. आई बाकाच्या टोकाला, माडाला टेकून. तिया तिच्यामागे. आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

तो आला तेव्हा वाढून ठेवलेल्या भाताची वाफही विरली नव्हती. तेवढा चिखल तुडवून एवढ्यात कोणी येऊ शकत नाही, हे मला नंतर सुचलं. तेव्हा वाटलं, आला एकदाचा. निळ्या शाखेतला असेल कोणी.

तिशीच्या आतला. सावळा, रुंद खांद्यांचा, देखणा म्हणावा असा. त्याने मान लववली आणि बाकावर आईच्या समोर बसला. हाताने भात कालवून भराभर जेवू लागला, होडीवरची माणसं जेवतात तसा. आम्हा सगळ्यांच्या मानेवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. त्याचं कपाळ कोरडं होतं. बोटांची टोकं मात्र सुरकुतलेली, पांढरी, जणू कित्येक दिवस पाण्यात बुडालेली. आमच्या पानांवर माशा घोंघावत होत्या. त्याच्या पानावर एकही नव्हती.

मी आईकडे पाहिलं. एवढं स्थिर बसलेलं माणूस मी आयुष्यात पाहिलं नाही. ती त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढत नव्हती.

त्याने मान वर केली. “लोला,” तो म्हणाला. आमची मुलं तिला तशीच हाक मारतात, लोला, आजी. आवाज मृदू होता. “तुम्ही इथल्या जुन्या दिसता. सलुद कुठे आहे? घरी बघितलं. दार बंद होतं.”

मी तांब्या दोन्ही हातांनी धरला.

आई म्हणाली, “कोण सलुद?”

“माझी बायको. जेवायच्या वेळेपर्यंत येतो म्हणालो होतो. तिने बोलावलं रोज... मग एकाएकी बोलवायची थांबली.” तो जरासा हसला. “रागावली असेल. आता न्यायला आलोय. तिला आणि पोरीला. होडी थोडी गळते, पण तिघं मावतो.”

पाठीवर नाव आहे, हे मला त्याच क्षणी आठवलं. आईच्याही. ती माडाला घट्ट टेकली होती, पण मी उभी होते, मोकळी.

“सलुद वारली,” आई म्हणाली.

त्याचा हात पानावर थांबला.

“कधी?”

“फार वर्षं झाली.”

“...आणि पोर?”

पहिल्यांदाच मी तिला खोटं बोलताना अडखळलेली पाहिली. “तीही,” ती शेवटी म्हणाली. “तापाने. आईच्या पाठोपाठ.”

त्याने बोटांना चिकटलेला भात पानावर झटकला. मग विचारलं, “कुठे पुरलं त्यांना?”

“चर्चच्या मागे,” तिया सिया मागून म्हणाली. इतक्या पटकन की मी दचकले.

तो तियाकडे वळला नाही. माझ्याकडे वळला. “पाणी...” म्हणाला.

तांब्यात तळाशी घोटभरच उरलं होतं. रांजण माझ्यामागे दाराशी होता. मी वळणार, तेवढ्यात आई अगदी शांतपणे बोलली, घरात मुलांना शिस्त लावावी तशी. “पाहुण्याकडे पाठ करू नये.”

मी उलट्या पावलांनी गेले. एक पाऊल, दुसरं... हात मागे चाचपडत रांजण सापडला. न बघताच तांब्या बुडवला. तो पाहत होता. मी पुढे येऊन त्याच्या करवंटीत पाणी ओतलं. अर्धं मेजावर सांडलं. त्याने सांडलेल्या पाण्यावर तळहात ठेवला, लहान मुलाला थोपटावं तसा, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

“लोला, हिचे डोळे माझ्या बहिणीसारखे आहेत.”

“माझी लेक आहे ती,” तिया म्हणाली.

“असं...” तो म्हणाला. उठला. “जेवण छान होतं.” अंगण ओलांडताना त्याने एकदाच मागे पाहिलं, माझ्याकडे नव्हे, आईकडे. मग तो समुद्राकडे नाही, वरच्या वाटेला लागला. चर्चच्या वाटेला.

आम्ही रात्र काढली नाही. वेन्सीने भरती येईतो दोनदा विचारलं, “पण झालं तरी काय?” आणि आईने त्याला दोनदा एकच उत्तर दिलं, “तुझी चूक नाही.” होडीत ती माझ्याजवळ बसली आणि किनारा दिसेनासा झाल्यावर बोलली. तो बुडाला तेव्हा प्रेत मिळालं नव्हतं. नऊ दिवस ती दोन्ही वेळा पान वाढायची, किनाऱ्यावर उभी राहून समुद्राकडे हाक द्यायची, या, जेवायला या. नवव्या दिवशी दुपारी ओहोटीत तिला डब्याने पाणी उपसल्याचा आवाज आला. तिने हाक दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन निघाली.

“पण मग, नानाय, तू त्यांना ओळख का नाही दिलीस? तुझा नवरा होता तो.”

“तू होतीस म्हणून,” ती म्हणाली. “एकटी असते तर गेले असते.”

नोव्हेंबरच्या एक तारखेला, मृतांच्या दिवशी, तिया सियाचा फोन आला. ती आईवडिलांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायला चर्चच्या मागे गेली होती. तिथे दोन नवीन थडगी होती. ओल्या वाळूची, कडेने शिंपले लावलेली. एक मोठं, एक अगदी लहान, तीन वर्षांच्या मुलाएवढं. वर लाकडी क्रूस, त्यावर खिळ्याने ओरखडलेली नावं. सलुद. अदेल्फा. गावात कोणी केलं नव्हतं. तियाने घरोघर जाऊन विचारलं.

“मोडून टाकू का?” ती रडत होती.

मी फोन आईच्या कानाला लावला. “हात लावू नका,” आई म्हणाली. “आम्ही तिथे आहोत असं त्याला वाटतंय, तोवर वाटू दे.”

जानेवारीत आई गेली. झोपेतच, काही त्रास न होता. तिला आम्ही बाकोलोदलाच पुरलं. तिया येऊ शकली नाही. आठवड्याने तिने फोन केला आणि सांगितलं की मोठं थडगं मधोमध खचलंय. जुनी थडगी खचतात तसं, आतली पेटी कुजून मोडली की. मी म्हटलं, तिया, ते रिकामं आहे, पावसाने खचलं असेल. ती म्हणाली, पाऊस कुठे आहे?

परवा तिने पुन्हा फोन केला. आता तिला जवळजवळ काहीच दिसत नाही. ती चाचपडत तिथे जाते.

“लहानाचं काय?” मी विचारलं.

मला तिचा श्वास ऐकू येत होता.

“ते लहान राहिलं नाही, देल्फा,” ती म्हणाली. “रोज कोणीतरी पायथ्याशी वाळू घालतंय. काल मी शेजारी आडवी होऊन बघितलं... माझ्या डोक्यापासून पावलांपर्यंत आलं, आणि वर चार बोटं. तू माझ्यापेक्षा चार बोटंच उंच आहेस ना?”