डिस्कच्या कडेला उरलेली जागा

तुम्ही भरवसा कोणावर ठेवता, दिवाणजी? यंत्रावर, की आपल्या डोळ्यांवर? सांगा हो, मोकळेपणाने सांगा. तुम्ही आमच्या दुकानात हिशोब लिहायला लागून जेमतेम महिना होतोय. माझ्या बायकोला तुम्ही कधी पाहिलेलं नाही, म्हणून तर तुम्हालाच विचारतोय. दुसऱ्या कोणाला विचारायची सोय राहिलेली नाही. तो दिवा जरा इकडे ओढा. वीज यायला अजून वेळ आहे.

माझा धंदा तुम्हाला ठाऊकच आहे. बंद पडलेली ऑफिसं, शाळा, दवाखाने यांचं सामान घाऊक उचलायचं आणि पुसूनबिसून विकायचं. एकदा एका टेबलाच्या खणात दातांची कवळी निघाली. मालक शोधत आला, तिथल्या तिथे ती तोंडात बसवली आणि त्याच तोंडाने माझ्याकडून एका खुर्चीचा भाव पाडून गेला! अशी माणसं भेटतात, म्हणून या धंद्यात जीव रमतो. लॅपटॉप उघडायला-जोडायला मी असाच शिकलो, गोदामात बसून, बिघडवत बिघडवत.

घरच्या लॅपटॉपने कुरकुर सुरू केली तेव्हा मात्र मी धास्तावलो. बायको गेली तेव्हा लेक अगदी लहान होती. आम्ही तिला चिमणी म्हणतो. चिमणीला आई आठवत नाही. तिची आई म्हणजे त्या लॅपटॉपमधले फोटो आणि चार व्हिडिओ. कागदावर एक फोटो नाही, बायकोला भिंतीवर टांगून घ्यायची भारी चीड होती. डिस्क गेली असती तर चिमणीची आई दुसऱ्यांदा गेली असती.

म्हणून क्लोन करायचं ठरवलं. नुसत्या फायली उचलून ठेवणं वेगळं. क्लोन म्हणजे घर जसंच्या तसं, जळमटांसकट, केबलने बाहेरून जोडलेल्या डिस्कवर उभं करायचं. मग लॅपटॉपमध्ये नवी डिस्क बसवायची आणि ते घर परत तिच्यावर उतरवायचं.

एका बंद झालेल्या वृद्धाश्रमाच्या सामानात मला एक दणकट बाहेरची डिस्क मिळाली होती. विकायची डिस्क मी आधी कोरी करतो, तो माझा शिरस्ता. पण ही घरच्या कामाला. म्हटलं, वरून क्लोन बसला की खालचं आपोआप पुसलं जाणार, दुप्पट मेहनत कशाला? एक गोष्ट सुटली. ती डिस्क आमच्या डिस्कपेक्षा बरीच मोठी होती. मोठ्या पलंगावर लहान गादी टाकली की कडेला पलंग उघडा राहतो. त्या कडेला जे काही होतं, ते तसंच राहिलं... आणि परत उतरवताना मी अख्खी डिस्क उतरवली. कडेसकट.

दुकानाचा सुट्टीचा दिवस होता. शटर अर्ध्यावर, बाहेर लख्ख दुपार, आत नुसती डिस्कची घरघर. उतरवण्याचं काम पूर्ण झाल्याचं स्क्रीनवर आलं, तरी ती बाहेरची डिस्क थांबेना. घरघर गेली आणि टकटक सुरू झाली. नखाने दारावर करावी तशी, हळू, दमलेली. मी केबल काढली. टकटक चालूच. मग वास आला. फिनेलचा, आणि त्याच्या आडून फार दिवस न बदललेल्या उशीचा. मी डिस्क फडक्यात गुंडाळून खणात टाकली. म्हटलं, जुना माल आहे, वास यायचाच.

घरी चिमणी वाट बघत होती. तिने लॅपटॉप उघडून तिचा लाडका व्हिडिओ लावला. दाराच्या पायरीवर बसून आई तिच्या बुटांची नाडी बांधते आणि म्हणते, "बाबांकडे बघ, चिमणे. हस ना." तो मीच काढलेला.

पायरी तीच. कपडे तेच. आवाजही तोच. चेहरा तिचा नव्हता.

"ही कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? आई."

"नीट बघ, बाळा..."

"बाबा, तुम्ही आधी चष्मा पुसा बरं!"

मी चष्मा पुसला. उभट, फिकट चेहऱ्याची, कधीही न पाहिलेली बाई माझ्या लेकीच्या बुटाची नाडी बांधत होती. मूळ व्हिडिओ "हस ना"वर संपतो, तेव्हा बॅटरीच गेली होती. हा संपला नाही. छोटी चिमणी उठून पळाली आणि ती बाई पायरीवर बसून राहिली... बघत. कॅमेऱ्याकडे नाही, दिवाणजी. टेबलाच्या ज्या कोपऱ्याला मी उभा होतो, त्या कोपऱ्याकडे.

मी धाकट्या बहिणीला फोन लावला. माझी बायको तिची वहिनी, दोघी एका ताटात जेवायच्या. तिला विचारलं, वहिनी दिसायला कशी होती गं?

"काय दादा, आज हे काय नवीन? उभा चेहरा, गोरीशी. चिमणीने आत्ताच तर फोटो पाठवलेत."

जिथे जिथे फोटो गेला, तिथे तिथे ती पोचली होती.

उरली ती लॅपटॉपमधून काढलेली जुनी डिस्क. तिच्यात धुगधुगी होती. आमच्या बाजारात मेलेल्या डिस्क उठवणारा एक कारागीर आहे, त्याला आम्ही डॉक्टर म्हणतो. चिमणीला घेऊन त्याच्याकडे गेलो.

"एकदाच चालेल, शेठ," डॉक्टर म्हणाला. "काय बघायचं ते बघून घ्या."

त्याने डिस्कला कान लावला. स्क्रीन उजळली आणि पायरीवर माझी बायको बसलेली होती. पुढच्या दातांतली फट, हसताना बारीक होणारा उजवा डोळा... माझीच बायको. मला हुंदका आवरेना. मी चिमणीला पुढे ओढलं. बघ, म्हटलं, ही बघ.

चिमणी बराच वेळ बघत राहिली. मग माझी बाही धरून हळूच म्हणाली, "बाबा... ही बाई कोण? आणि हिने आईचे कपडे का घातलेत?"

आतून खरवडल्यासारखा आवाज झाला आणि स्क्रीन काळी पडली.

"तू पाहिलीस ना तिला?" मी डॉक्टरला विचारलं.

"मी कुठे बघतोय, शेठ? मी डिस्क ऐकत होतो. आता ही उठायची नाही."

त्या रात्री वृद्धाश्रमाची डिस्क मी हातोडीने फोडली. चिमणीला एका शब्दाने बोललो नाही. पोरीला आई आहे, ती तिच्याकडे बघून हसते, मी कोणत्या तोंडाने सांगू? म्हटलं, असू दे. यंत्रात आहे तोवर असू दे.

आणि परवा तुम्ही आमच्याकडे जेवायला आलात. घरात आम्ही दोघंच राहतो, स्वयंपाक मी केला होता. निघताना चपला घालता घालता तुम्ही आतल्या दाराकडे बघून म्हणालात, "वहिनी, जेवण फक्कड झालं होतं!" चिमणी हसली. मीही हसलो. जिभेची चूक असेल म्हटलं... पण त्यानंतर तुम्ही थोडं थांबलात, मान हलवलीत, कोणाचं तरी उत्तर ऐकावं तशी.

दुकानाच्या हिशोबात तुम्ही कोणाची भीड धरत नाही, म्हणून तुमचा मान ठेवतो. हाही हिशोब तसाच इमानाने ठेवा, दिवाणजी. माझ्याकडे बघून आकडा फिरवू नका. परवा टेबलाशी आपण किती जण बसलो होतो... नीट मोजून सांगा.