गुलाबी बोल्ट

बोईसरच्या गाडी-टेपच्या दुकानात दर्पणला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याचे फक्त पाय दिसले. बाकीचा दर्पण कुणाच्या तरी गाडीच्या डॅशबोर्डखाली होता.

“ओ भाऊ, आमच्या व्हॅनच्या टेपमधे भूत शिरलंय,” मी म्हणाले. “गाणं लावलं की मागून कुंईऽऽ करतं. रेस वाढवली की तेपण सूर चढवतं.”

पाय हलले. घामेजलेला चेहरा बाहेर आला... आणि हसला. अगं बाई! पुढचं काय सांगायचं होतं, तेच मी विसरले.

“दांडीच्या काय तुमी?”

“कसं वळखलं?”

“गाडीला मासळीचा वास हाय. मी हितल्या माहीमचा, दर्याकाठचा. वास कळतो.”

“नाक बरं हाय. कान कसा हाय, बघू.”

कानही बरा निघाला. इंजिन बंद केलं, गाणं स्वच्छ. चालू केलं... कुंईऽऽ. त्याने मोबाइलचा चार्जर काढला, एरियल काढली, तरी तेच. मग सीटखाली वाकला आणि थबकला.

“या बोल्टला निळा रंग कोणी लावला?”

“बाबांनी.”

आमच्या दांडीला मासेमारी सुरू व्हायच्या आधी बोटी रंगवतात. उरलेला रंग वाया घालवतील तर ते माझे बाबा कसले! मासळीच्या खाऱ्या पाण्याने गंज चढू नये म्हणून त्यांनी व्हॅनचा एकेक बोल्ट उघडून रंगवला होता.

“टेपची अर्थिंगची वायर हितंच हाय,” दर्पण म्हणाला. “ती उघड्या लोखंडाला लागली पायजे. मधी रंग आला, म्हणून इंजिनाचा आवाज गाण्यात शिरतो.”

त्याने रंग घासला, दहाच्या पान्याने बोल्ट आवळला. आवाज गेला. मला आनंद व्हायला हवा होता.

“परत झालं तर?” तो पावतीवर माझं नाव, हिना, लिहीत होता तेव्हा मी विचारलं.

“सोमवारच्या आत या. मंग मी वापीला चाललो, कंपनीत लागलोय.”

पुढे रोज बोईसरच्या बाजारात मासळी उतरवून त्याच्या दुकानावरून जायचे. थांबायला कारणच नव्हतं. आणि दांडीची पोर विनाकारण थांबली, तर संध्याकाळच्या आत आईच्या कानावर जाणार! आठवडा संपत आला, तसा माझा जीव टांगणीला लागला. शेवटी शनिवारी सकाळी मीच पाना घेतला आणि सीटखाली शिरले.

“परत कुंई करतंय,” मी दुकानात जाऊन सांगितलं. चेहरा अगदी गरीब गाईसारखा.

दर्पणने बोल्ट उघडला. बोल्टकडे बघितलं. मग माझ्या नखांकडे. मी हात पाठीमागे लपवले... पण उशीर झाला होता.

“बाबांनी यंदा गुलाबी बोट रंगवली काय?”

मान वर होईना. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि माझे कान तापले होते.

“सोमवारी तू जाणार,” मी म्हणाले. ‘तुमी’ कुठच्या कुठे गळून पडलं. “मला तू आवडतोस. आज नाय सांगितलं तर कधी सांगू?”

तो वायरीखालचं नेलपॉलिश घासत राहिला. बोल्टच्या डोक्यावरचं मात्र त्याने तसंच ठेवलं.

“हे ऱ्हाऊ दे,” तो हळूच म्हणाला. “वापी काय लांब हाय? रोज रेल्वेने ये-जा करणार मी. आन् हिना... तू ह्या आठवड्यात रोज दुकानासमोर गाडी हळू करायचीस. मी बघत होतो.”

नारळी पुनवेला तो खरंच दांडीला आला, हातात नारळ घेऊन. बाबा, म्हणजे अख्ख्या दांडीचे दामूशेठ, व्हॅनला हार घालत होते. हार बांधायला दोरी शोधत सीटखाली वाकले आणि ओरडले,

“हा बोल्ट गुलाबी कुणी केला रे?”



“मी, काका,” दर्पण पुढे होऊन म्हणाला.

बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग माझ्या नखांकडे एकदा बघितलं.

“हात साफ हाय तुझा,” ते म्हणाले. “पुढच्या साली बोट रंगवाया ये.”