सबीनाचं जागरण

ही गोष्ट खरी आहे. पटवून द्यायला माझ्याकडे काही नाही, आणि जिच्यावर ती गुदरली तिलाही ती कुणाला पटवायची नाही. पण मॉराने ती मला सांगितली तेव्हा तिचा चहा पार निवून गेला होता, तरी कप तिने हातातून खाली ठेवला नव्हता. त्यावरून काय ते समजा.

साल चौऱ्याण्णव, नोव्हेंबर महिना. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, मेयो परगण्यात कॅरोबॉन म्हणून गाव आहे. गाव कसलं, समुद्राकाठची दहा-बारा घरं.

मॉरा बॉस्टनची. तिची आजी सबीना मात्र या कॅरोबॉनची. ऐन तरुणपणी बोटीत बसली ती गेलीच. बॉस्टनमध्ये लोकांच्या फरश्या पुसल्या, संसार केला, मुली वाढवल्या, नवऱ्याला पोचवलं. गावी परत एकदाही आली नाही.

"आजी, एकदा जाऊन येऊ ना," मॉरा दर वर्षी म्हणायची.

"कशाला? पाऊस बघायला? तो इथेही पडतो."

विषय तिथेच संपायचा. मग सत्त्याऐंशीव्या वर्षी आजी न्हाणीघरात पडली. इस्पितळातून परत आल्यावर तिने मॉराला जवळ बोलावलं.

"मला कॅरोबॉनला ने. आता नाही नेलंस तर मग पेटीतूनच न्यावं लागेल."

मॉराने कंबर कसली. पासपोर्ट, तिकिटं, चाकाची खुर्ची, औषधांचे डबे. जेवणाच्या टेबलावर आयर्लंडचा नकाशा पसरला तो महिनाभर उचललाच नाही. मावश्या चेष्टा करायच्या, पण आजी रोज संध्याकाळी येऊन त्या नकाशावर बोट ठेवून बसायची.

आजीच्या मनात एकच सल होता. तिची आई युद्धाच्या काळात वारली. सबीनाचा धाकटा भाऊ तेव्हा पोटासाठी इंग्लंडला गेलेला, आणि सबीना समुद्रापलीकडे. म्हातारी घरात एकटी गेली.

"तिचे डोळे मिटायलासुद्धा कुणी नव्हतं गं," आजी म्हणायची. एवढंच म्हणायची, आणि उठून जायची.

गावात आता त्या भावाचा मुलगा होता. ऑस्टिन. पन्नाशीचा, एकटा जीव. मॉराच्या आईचा मामेभाऊ, म्हणून मॉरा त्याला मामा म्हणायची. तिने फोन लावला.

"मामा, आजीला दोन दिवस जुन्या घरातच राहायचंय."

"छे छे! माझ्या नव्या घरात राहा. इथे हीटर आहे. तुम्ही अमेरिकेची माणसं, जरा वारा सुटला की तुम्हाला शिंका."

"पण जुनं घर आहे ना अजून?"

"आहे की. हे काय, मागेच."

"रिकामंच आहे ना?"

पलीकडे ऑस्टिन नुसता खाकरला.

"मामा?"

"तू आत्याला घेऊन ये, पोरी. बाकीचं आल्यावर बघू."

दोघी पोचल्या तेव्हा दुपार झाली होती. प्रवासाने दमलेली आजी ऑस्टिनच्या घरी पलंगावर टेकली आणि लगेच झोपली. मॉराला चैन पडेना. मागच्या दाराने ती बाहेर पडली.

जुनं घर पन्नासेक पावलांवर होतं. ऑस्टिनचा कुत्रा तिच्या पायात घुटमळत आला. उंबऱ्यापर्यंत आला... आणि तिथेच बसला.

धुराड्यातून धूर येत होता.

मॉरा आत शिरली. चुलीत टर्फ, म्हणजे तिकडचं दलदलीतून कापून वाळवलेलं मातीचं जळण, पेटलेला. जमीन झाडलेली. भिंतीवरचा आरसा काळ्या फडक्याने झाकलेला, आणि त्याच्या शेजारचं घड्याळ बंद. मामा एकटा असून घर चांगलं ठेवतो, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात वर माळ्यावर... पावलं वाजली.

हलकी. अनवाणी.

"मामा?"

पावलं थांबली.

मग रडणं ऐकू आलं. मोठ्याने नव्हे. तोंडावर हात दाबून कुणी रडतं तसं. तरुण मुलीचा आवाज होता.

मॉराला वाटलं, गावातली कुणी पोर घरच्यांशी भांडून इथे येऊन बसली असेल. तिला कीव आली. ती शिडीने वर गेली. वर एक लोखंडी खाट होती. बाकी काही नव्हतं.

आणि रडणं आता... खालून येत होतं. चुलीपाशी.

शिडी कशी उतरली, दार कसं गाठलं, तिला आठवत नाही. ऑस्टिन स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. त्याने मान वर केली नाही.

"भेटली वाटतं," तो म्हणाला.

"कोण रडतंय तिथे?"

"बस आधी. चहा घे."

"मामा, कोण आहे?"

ऑस्टिनने सुरी खाली ठेवली. "तुझी आजी," तो म्हणाला.

मॉरा हसली. भीतीने हसू येतं कधीकधी, तसं.

"आजी आत झोपलीय."

"ती म्हातारी झालेली. तिथली अजून एकोणीसचीच आहे."

मग त्याने सांगितलं. त्या काळी अमेरिकेला जाणारं माणूस पुन्हा दिसायचं नाही. म्हणून आदल्या रात्री गाव जमायचं. मयताशेजारी बसतात तसं रात्रभर बसायचं. चहा, तंबाखू, थोडी दारू. गाणी व्हायची, नाच व्हायचा, पहाटे रडारड व्हायची. जिवंत माणसाचंच जागरण! पण त्यालाही मर्यादा होती. घड्याळ थांबवायचं नाही, आरसा झाकायचा नाही. ते फक्त खऱ्या मयताला.

"आणि पणजीने..."

"तिने दोन्ही केलं. दुःखाने भान राहिलं नाही बाईला. माझे बाबा तेव्हा बारा वर्षांचे. सांगायचे ना! सबीनाआत्या नवा कोट घालून खुर्चीत बसलेली, आणि तिची आई तिच्याभोवती फिरून मेलेल्या लेकीला रडावं तशी रडतेय. शेजारणी ओरडत होत्या, 'अगं ए बये, पोरगी जिवंत आहे! घड्याळ चालू कर आधी!' तिने काही केलं नाही. सकाळी आत्या टमटममध्ये बसून गेली."

"मग?"

"आठवडाभराने बाबांना माळ्यावर पावलं ऐकू आली. त्यांना वाटलं, ताई परत आली. धावत वर गेले बिचारे."

ऑस्टिनने आवाज खाली आणला.

"मी नवं घर बांधलं, पण ते पाडलं नाही. रोज सकाळी जाऊन चूल पेटवतो. थंडी वाजत असेल ना पोरीला. लोक मला वेडा म्हणतात. म्हणू देत. आणि अजून एक आहे. आजी गेली... माझी आजी, सबीनाआत्याची आई... तेव्हा घरात कुणी नव्हतं. सकाळी शेजारी आले तर दार आतून बंद. तोडून आत गेले. म्हातारी नीट निजवलेली. केस विंचरलेले. हातात जपमाळ. आणि डोळे..."

"मिटलेले?"

आवाज मॉराचा नव्हता.

दारात सबीना उभी होती. चौकटीला धरून, कधीपासून कुणास ठाऊक.

आता ही कोसळणार, असंच मॉराला वाटलं. पण आजी कोसळली नाही. हळूहळू चालत येऊन खुर्चीत बसली.

"ऑस्टिन, खरं सांग. मिटलेले होते?"

"हो आत्या. शपथ घेऊन सांगतो."

सबीना रडू लागली. मॉराने आजीला असं रडताना कधीच पाहिलं नव्हतं, आजोबांच्या वेळीही नाही. त्या रडण्यात सुटका होती.

"म्हणजे मी होते तिच्याजवळ," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "होते गं मी."

मग डोळे पुसून तिने विचारलं, "मग ती अजून का रडते? आई गेली. भाऊ गेला. आता तिथे कुणाची वाट बघतेय ती?"

तिने खिडकीतून मागच्या जुन्या घराकडे पाहिलं.

"उद्या मला तिच्याकडे न्या. मीच तिला सांगते, बाई, झालं तुझं काम. आता जा. मी म्हातारी झाले, फार दिवस राहिले नाहीत माझे. मी गेल्यावर ती एकटीच त्या घरात राहिली तर... नाही, मला मरवणार नाही नीट."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तिला जुन्या घरात नेलं आणि चुलीपाशी खुर्चीत बसवलं. आजीने घराकडे एकदा पाहून घेतलं. आरशावरचं फडकं पाहिलं.

दुपार सरली. तिकडे नोव्हेंबरात चारलाच उजेड कमी व्हायला लागतो.

आणि मग माळ्यावर... पाऊल वाजलं.

मॉराने ऑस्टिनकडे पाहिलं. त्याने छातीवर क्रूस काढला.

पावलं शिडीवरून खाली आली. एकेक पायरी करकरली. जमिनीवरून चालत आली... आणि आजीच्या खुर्चीमागे थांबली.

तिथे दिसत काहीच नव्हतं. पण श्वास ऐकू येत होता.

"काय गं," आजी म्हणाली, "येते की नाही ती? की रागावलीय माझ्यावर?"

मॉराला क्षणभर समजलंच नाही. मग लक्षात आलं.

आजीला ऐकूच येत नव्हतं.

बहिरी नव्हती ती. चुलीत टर्फ कोसळला तर तिकडे बघत होती. बाहेर कुत्रा कण्हत होता तेही तिला कळत होतं. फक्त ती पावलं, तो श्वास... तेवढंच नाही.

"आलीय, आजी. तुझ्या मागेच आहे."

सबीना गर्रकन वळली. डोळे बारीक करून बघत राहिली. पुढे हात केला, अंधारात कुणाच्या अंगाला लागतो का ते पाहिलं. हात रिकामाच परत आला.

"काय करतेय ती?"

"उभी आहे."

"रडतेय?"

"नाही, आत्या," ऑस्टिन म्हणाला. "आत्ता नाही."

मग सबीना बोलायला लागली. जुन्या आयरिशमध्ये, गावच्या भाषेत. मॉराने ती भाषा तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. एक अक्षर कळत नव्हतं, पण तान्ह्या बाळाला समजवावं तसा आजीचा सूर होता. बोलता बोलता डोक्यावरचा रुमाल खांद्यावर घसरला.

तो रुमाल... आपोआप वर आला.

कुणीतरी तो अलगद आजीच्या डोक्यावर ओढला. हनुवटीखाली नीट केला. आजी बोलतच होती. तिला पत्ताही नव्हता.

आणि मग त्या मुलीचा आवाज आला.

एकच वाक्य. त्याच भाषेत. स्पष्ट, मायेने बोललेलं.

ऑस्टिनचा चेहरा पांढराफटक पडला.

"काही म्हणाली का ती?" आजीने विचारलं. "तुमची तोंडं अशी का झालीत? ऑस्टिन! काय म्हणाली?"

ऑस्टिन तिच्या खुर्चीपाशी येऊन वाकला.

"म्हणाली, बरं. जाते."

"गेली?"

"गेली, आत्या."

सबीनाने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. त्या रात्री ती गाढ झोपली. सकाळी आईच्या कबरीवर फुलं ठेवली. दोन अंडी खाल्ली, ऑस्टिनला लग्नावरून टोमणे मारले. परतीच्या विमानात गुणगुणत होती. त्या हिवाळ्यात ती सुखात होती, हे मॉरा अजून सांगते.

एप्रिलमध्ये ती बॉस्टनला झोपेतच गेली. चेहरा शांत होता.

अंत्यविधी उरकल्यावर मॉराने ऑस्टिनला फोन केला. एक गोष्ट विचारल्यावाचून तिला राहवत नव्हतं.

"मामा, घर आता शांत असेल ना?"

"चूल पेटवतो अजून," तो म्हणाला.

मॉराला सगळं कळलं. तरी तिने विचारलं, "त्या दिवशी ती खरं काय म्हणाली होती?"

"राहू दे ना, पोरी."

"आजी आता ऐकायला नाही. सांग."

मग ऑस्टिन बोलला. त्याचा आवाज फुटला होता.

"म्हणाली... 'बिचारी वाट चुकलेली दिसते. थंडी पडायच्या आत या आजींना त्यांच्या घरी पोचवा. त्यांची माणसं काळजीत असतील.'"