सर म्हणाले

“सर, एक काय ते ठरवा बुवा!” दंतवैद्य दारातच उभे होते, एका हातात व्हायोलिनची पेटी, दुसऱ्या हातात लेक. “काल आतल्या खोलीत तुम्ही आमच्या चिमणीला म्हणालात, ‘उद्यापासून येऊ नकोस.’ आणि बाहेर काकूंनी निरोप दिला, ‘सर म्हणाले, उद्या नवी धून देणार!’ मी दिवसभर लोकांच्या तोंडात बघतो, पण एका माणसाला दोन तोंडं आजच बघितली!”

बुटांच्या कपाटापाशी उभ्या असलेल्या काकूंनी जीभ चावली. सरांनी बायकोकडे पाहिलं, मग दंतवैद्यांकडे, मग पुन्हा बायकोकडे. “निरोप? मी कुठला निरोप दिला?”

सरांच्या बोटांत सोनं होतं आणि जिभेवर कानस. बरं वाजवणाऱ्याला ते ‘हूं’ म्हणत, वाईट वाजवणाऱ्याला दार दाखवत. ‘छान’ हा शब्द त्यांनी जन्मात खर्चला नव्हता. तरी शिकवणी भरलेली! आपल्या शिस्तीमुळे, असं सरांना वाटे... बिचारे! शिकवणी सोडायची की नाही, हे पोरं आत सुरांपाशी ठरवत नाहीत, बाहेर बुटांच्या नाड्या बांधताना ठरवतात. आणि बाहेरची खोली काकूंची होती. डोळे लाल करून आलेल्या पोरापुढे त्या उकिडव्या बसत, नाडीची गाठ मारता मारता हळूच म्हणत, “सर म्हणाले, तारांवर तुझा गज आता सरळ जातो हं!” पोर नाक पुसून दुसऱ्या दिवशी हजर.

काल मात्र घात झाला. आत सर चिमणीला कायमचं घालवत होते, नेमकी तेव्हा स्वयंपाकघरातली किटली शिट्टी मारत होती, आणि दाराआड कान लावलेल्या काकूंना ते ऐकूच आलं नाही!

दंतवैद्य लेकीला घेऊन तणतणत गेले, आणि सर कडाडले, “किती वर्षं माझ्या तोंडी हे खोटं घालते आहेस?”

“खोटं नाही हो! दाराआडून ऐकते मी सगळं. चिमणीचा गज खरंच सरळ जातो. तुम्हाला ते दिसत होतं, फक्त तुम्ही म्हणत नव्हतात...”

“आईचीच सवय ही! तीही त्या वेताच्या खुर्चीत बसून, मी न बोललेलं माझ्या नावावर खपवायची!”

काकूंनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. वेताची खुर्ची... सासूबाईंची! त्याच खुर्चीपुढे एकदा त्या स्वतः, सरांची शिष्या असताना, हुंदके देत नाडीचा गुंता सोडवत बसल्या होत्या, आणि त्या माउलीनं वाकून म्हटलं होतं, “तो म्हणाला, तुझ्या हातात गोडवा आहे.” त्या एका वाक्यावर त्या दुसऱ्या दिवशी आल्या, येत राहिल्या, या घरच्या सूनही झाल्या. सासूबाईंमागे बाहेरची खोली सांभाळायला कुणी हवं, म्हणून स्वतःचं व्हायोलिन कपाटावर ठेवलं... हूं की चूं न करता! ते वाक्य जवळ होतं ना!

“अहो... मग मला जे सांगितलं, तेही? माझ्या हातात गोडवा आहे, असं तुम्ही म्हणाला होतात ना?”

सर गोंधळले. “गोडवा? मी असला शब्द वापरेन?”

काकूंना हसू आलं की रडू, त्यांचं त्यांनाच कळेना. रागवायचं तरी कुणावर? गेलेल्या सासूवर, की समोरच्या नवऱ्यावर? आपण फसलो, की खोट्याच्याच पुण्याईनं सुखी झालो? व्याकूळ अंतःकरणाचा हा हिशेब काही केल्या जुळेना!

त्या दिवसापासून काकू बाहेरच्या खोलीत फिरकल्या नाहीत. पोरं मुकाट बूट घालू लागली. मग कुणाची परीक्षा निघाली, कुणाचा हात दुखू लागला, कुणाची मावशी आजारी पडली.

“सगळ्यांच्या मावश्या एकदम कशा काय आजारी पडल्या?” सरांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलं.

“मी काय सांगू? मी तर आता खरंच बोलते.”

सर तिथेच घुटमळले. गजाला राळ घासायची सोडून बोटांवरच घासत राहिले. “तेव्हा मी आईला काय म्हणालो होतो, ते... आठवलं. म्हणालो, ‘हिचं तिसरं बोट चुकतं.’”

“बस्स?”

“आणि म्हणालो, ‘पण ही उद्या येईल ना गं? विचार ना तिला.’”

काकूंच्या डोळ्यांना धार लागली. एवढंच म्हणाले होते... आणि एवढं म्हणाले होते! सासूबाईंनी त्याचा गोडवा केला होता.

तेवढ्यात बेल वाजली. शिकवणीचं छोटं व्हायोलिन परत द्यायला दंतवैद्य आले होते, मागे चिमणी. काकू सवयीनं पुढे झाल्या. पण सर त्यांच्याआधी बाहेरच्या खोलीत पोचले, आणि गुडघे कटकट वाजवत चिमणीसमोर उकिडवे बसले.

“तुझा... गज सरळ जातो,” ते एखादा अवघड सूर लावावा तसे म्हणाले. “उद्या येशील ना?”

चिमणीनं घाबरून काकूंकडे पाहिलं. “काकू, सर काय म्हणाले?”

“तेच म्हणाले गं, बाळा. तेच!”

चिमणी ते छोटं व्हायोलिन परत घेऊनच घरी गेली. दार लावल्यावर सरांनी स्टूल ओढलं, कपाटावरची धुळकट पेटी उतरवली आणि बायकोसमोर धरली.

“तिसरं बोट अजून चुकत असेल.”

“चुकतंच!”

“मग... उद्या बसशील ना?”

काकूंनी पेटी छातीशी घट्ट धरली, आणि रिकाम्या वेताच्या खुर्चीकडे वळून म्हणाल्या, “ऐकलंत का हो, सासूबाई? स्वतःच्या तोंडानं म्हणाले!”