दुर्गाबाईंचा आउट पंच

माझे हात गार असतात हे आमच्या सोसायटीतल्या मांजरालाही ठाऊक आहे. मी हात लावला की ते उठून जातं. थंडी सुरू झाली की बोटं आधी पांढरी पडतात, मग निळसर होतात, आणि रक्त परत आलं की अशा मुंग्या येतात की डोळ्यांत पाणी उभं राहतं. पिंपळे गुरवच्या डॉक्टरांनी निदान केलं, "रक्ताभिसरण कमी आहे. गारठ्यापासून हात जपा." मी महाळुंग्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गोठवलेला वाटाणा पॅक करते, हे ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

नोकरी सोडणं शक्य नव्हतं. घरात कमावणारी मी एकटी. मग उपाय मीच शोधले. रबरी हातमोज्यांच्या आत लोकरीचे मोजे घालायचे, दर तासाला हात गोल गोल फिरवायचे. चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसायचं आणि चहा सगळ्यात शेवटी प्यायचा. पण सगळ्यात गुणकारी उपाय म्हणजे दुर्गाबाई.

त्या महाळुंगे गावच्याच. माझ्यासमोरच्या टेबलावर असायच्या. मधली सुट्टी झाली की माझे हात ओढून घ्यायच्या आणि चोळत बसायच्या. "विजू, हात हायेत का फरशी गं?" त्यांचे तळवे कायम नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखे गरम असायचे.

गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी त्यांनीच हात पुढे केले. "बग बरं, माजं हात गार पडल्यात का? कसंतरीच हुतंय."

मी हात धरले. मला गरमच लागले. "नाही हो, छान गरम आहेत," मी म्हणाले. त्या "मग ठीक हाय" म्हणत आत गेल्या. अर्ध्या तासाने क्रेटच्या रांगेजवळ सापडल्या. हृदय बंद पडलं होतं. माझी बोटं त्या सकाळी बधिर होती. बर्फासारख्या हातांना दुसऱ्याचे गार हातही गरम लागतात, हे मला त्या वेळी कळायला हवं होतं. मी हे कुणालाच सांगितलं नाही. लाज वाटली आणि भीतीही वाटली.

आमच्या गेटवर अंगठ्याची दोन मशीनं आहेत. एक आत येताना, एक बाहेर जाताना. अंगठा ओळखला की मशीन बाईच्या आवाजात नाव घेतं. जानेवारीतल्या एका गारठलेल्या सकाळी मी पांढराफटक अंगठा ठेवला.

"दुर्गाबाई शिवळे. तुम्ही आधीच आत आहात."

मागच्या बायका दोन पावलं मागे सरल्या. वॉचमन खंडू माझ्याकडे बघतच राहिला. मी हात काखेत धरून गरम केला आणि पुन्हा ठेवला, तेव्हा 'विजयश्री' असं माझं नाव आलं. पण पाच मिनिटं उशीर झाला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

ऑफिसातल्या निरंजनने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "ताई, त्या दिवशी त्यांना ॲम्ब्युलन्समधून नेलं ना, आउट पंच राहिला. एंट्री क्लोज झाल्याशिवाय सॉफ्टवेअर नाव काढू देत नाही. त्याच्या मते त्या अजून आतच आहेत." मग तो हळूच म्हणाला, "पण तुमचे लेट मार्क वाढतायत. मार्चला कॉन्ट्रॅक्ट रिन्यू आहे... जरा बघा."

मी तीन दिवस विचार केला. दुर्गाबाई रागावल्या असतील असं काही मला वाटेना. मला वाटलं, त्या नुसत्या खोळंबल्या आहेत. त्यांची शिफ्ट संपलीच नाही, आणि ती संपवायला त्यांना गार अंगठा हवा आहे. माझ्याइतका गार अंगठा दुसऱ्या कुणाकडे होता?

रोज सुटताना मी चहाने हात गरम करूनच निघायचे. त्या दिवशी चहा घेतला नाही. तीन वाजता बाहेर जायच्या मशीनपाशी उभी राहिले. सगळ्या जाईपर्यंत थांबले.

"दुर्गाबाई," मी हळू आवाजात म्हणाले, "तुमचे हात गार होते हो... मला कळलं नाही. चुकलं माझं. आता घरी जा."

अंगठा ठेवला.

"दुर्गाबाई शिवळे. आउट. धन्यवाद."

मला रडू आलं. किती दिवसांनी छाती मोकळी झाली. उन्हात उभी राहून मी हात चोळले. बोटं भराभर गुलाबी झाली, एकही मुंगी आली नाही. मग माझा पंच करायला तोच अंगठा ठेवला.

"दुर्गाबाई शिवळे. तुम्ही आधीच बाहेर आहात."

पुसून ठेवला. फुंकर मारून ठेवला. दुसऱ्या हाताचा ठेवला. तेच उत्तर.

"ताई, बस सुटाय लागली," खंडू म्हणाला. "उद्या बघू."

त्याला आता महिना झाला. निरंजनने माझी हजेरी वहीत लावायला घेतली आहे, आणि सॉफ्टवेअरवाल्यांना रोज फोन करतो. माझे हात त्या दिवसापासून गार पडलेले नाहीत. मोजे पेटीत गेले. डॉक्टर खूश आहेत. म्हणाले, "जे काही केलंत ते चालू ठेवा." कॉम्प्युटरवर मात्र विजयश्री त्या सकाळी आत आली, ती बाहेर पडलेलीच नाही.

कोल्ड रूममध्ये दाराच्या आतल्या बाजूला एक घंटा आहे. कुणी चुकून अडकलं तर दाबायची. तीन वाजता शिफ्ट सुटली, आतले दिवे बंद झाले, की हल्ली ती वाजते. खंडू दार उघडतो, टॉर्च फिरवतो. आत कुणी नसतं. "वायरिंगचा घोळ असंल," तो म्हणतो.

मी तिथेच थांबून ऐकते. घंटा धड वाजत नाही. बटण दाबलं जातं, निसटतं... पुन्हा अर्धवट दाबलं जातं. बोटांत जीव नसला की ते कसं होतं, मला चांगलं माहीत आहे.